द्राक्षाचा मणी आणि माणसाचा स्वभाव

द्राक्षांची काढणी जवळ आली की नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यातला बागाईतदार साखर मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण घेऊन बागेत शिरतो, मणी चुरगळून रसाचा थेंब काचेवर टाकतो आणि ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेच्या प्रमाणाचा, आकडा वाचतो. एका मण्याच्या भरवशावर मात्र तो बाग तोडायला काढत नाही. उन्हातला घड, सावलीतला घड, घडाचा खांदा आणि शेंडा अशा निरनिराळ्या जागचे मणी तपासल्यावरच साखर उतरली की नाही, हे तो ठरवतो.

स्वभावाच्या मोजमापात ही साधी गोष्ट ध्यानात यायला बराच वेळ लागला. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये असे दाखवले की, प्रश्नावलीतून कळणारा स्वभाव आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगातले वर्तन यांच्यातला सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सहसा ०.३ च्या पुढे जात नाही. त्यावरून स्वभाव नावाची स्थिर चीज मुळात असते का, अशी शंका घेतली जाऊ लागली. पुढे १९७९ मध्ये सेमूर एप्स्टाइन यांनी एकेका प्रसंगाऐवजी अनेक दिवसांच्या वर्तनाची सरासरी घेतली, तेव्हा तेच वर्तन पुष्कळ स्थिर दिसू लागले. चूक एका मण्यावरून बाग जोखण्यात होती.

पण मोजायचे नेमके काय? गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. माणसांना महत्त्वाचे वाटणारे फरक भाषेत कुठेतरी शब्दरूप घेतातच, असे त्यामागचे गृहीतक होते. कोणते शब्द एकत्र येतात, याचे घटक विश्लेषण करत पुढच्या संशोधकांनी ही यादी पाच गुणांपर्यंत आणली : बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचे खुलेपण. मराठी शब्दांपासून सुरुवात केली असती, तर ‘भिडस्त’ या शब्दाने थोडी पंचाईत केली असती, असे मला नेहमी वाटते. भिडस्त माणूस अबोल असतोच असे नाही आणि दरवेळी मनापासून मदत करतो असेही नाही; त्याला केवळ ‘नाही’ म्हणता येत नाही.

हे पाचही गुण कमी-अधिक प्रमाणात प्रत्येकात असतात आणि बहुतेक माणसे मधल्या भागात येतात. अंतर्मुख किंवा बहिर्मुख असे शिक्के मारणाऱ्या चाचण्यांची, उदाहरणार्थ मायर्स-ब्रिग्ज चाचणीची, मुख्य अडचण हीच आहे. सीमारेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस जवळजवळ सारखेच असतात, तरी त्यांचे गट वेगळे पडतात, आणि काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा दिल्यास अनेकांचा गट बदलतो.

तरीही असे अहवाल लोकांना तंतोतंत पटतात. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर वाटला. त्यातली वाक्ये बव्हंशी भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी अचूकतेसाठी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तेव्हा ‘अगदी माझेच वर्णन’ हा चाचणीच्या यथार्थतेचा पुरावा मानता येत नाही.

रिफ्रॅक्टोमीटर रसातून जाणाऱ्या प्रकाशाचे वाकणे मोजतो. प्रश्नावली मात्र माणसाचे स्वतःविषयीचे मतच मोजते, आणि ते मत शेजाऱ्यापाजाऱ्यांशी तुलना करूनच बनते. रोज सकाळी नाशिक रोडला पंचवटी एक्स्प्रेस गाठणारा पासधारक आपल्या डब्यातल्या मंडळींकडे पाहून ‘मी वक्तशीर आहे’ या विधानापुढे ‘काही अंशी सहमत’ अशी खूण करील. दुपारी बाराला दुकान उघडणारा त्याचा शेजारी कदाचित निःशंकपणे ‘पूर्ण सहमत’ म्हणेल. त्यामुळे दोन समाजांच्या सरासऱ्यांची थेट तुलना फसवी ठरू शकते, आणि परदेशी चाचणीचे मराठी भाषांतर कितीही नेमके केले, तरी तिची प्रमाणके, म्हणजे किती गुण सरासरी आणि किती जास्त हे ठरवणारी मापे, इथल्या माणसांची उत्तरे गोळा करून नव्यानेच बसवावी लागतात.