यादीत नाव असेल तरच उपचार?

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांतल्या बिकिनीवर 'ब्राव्हो' नावाचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. अंदाज साधारण ६ मेगाटनचा (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीएवढा स्फोट) होता, निघाला १५ चा, कारण त्याच्या इंधनातला लिथियम-७ काही करणार नाही असं शास्त्रज्ञांनी धरलं होतं आणि नेमकी त्यानेच भर घातली. बेटाखालचं प्रवाळ उडालं, प्रवाळ म्हणजे शेवटी चुनखडीच, त्याची भाजून पांढरी, किरणोत्सारी भुकटी झाली आणि काही तासांत दीडशे किलोमीटरवरच्या राँगेलॅपवर पडायला लागली. अंगावर, केसांत, पिण्याच्या पाण्यात, सगळीकडे, आणि पोरं तर त्यातच खेळली. मग उलट्या, खाज, कातडी भाजल्यासारखी झाली, केस गळाले.

जवळच्याच राँगेरिक बेटावरच्या २८ अमेरिकन सैनिकांना २ मार्चला हलवलं, राँगेलॅपच्या लोकांना ३ ला, उटिरिक बेटावरच्या लोकांना ४ ला.

पुढचं वाचताना मला खरंच राग येतो. या लोकांवर उपचार सुरू झाले ते 'प्रोजेक्ट ४.१' नावाच्या अभ्यासाखाली, म्हणजे पेशंट आणि नमुना दोन्ही तेच. १९५७ मध्ये त्यांना राँगेलॅपला परत पाठवलं, दरवर्षी अमेरिकेतल्या ब्रूकहेवन लॅबचे डॉक्टर यायचे, रक्त-लघवी तपासायचे. स्फोटाच्या वेळी बेटावर नसलेले पण नंतर परतलेले लोक तुलनेसाठी धरले, पण तेही तिथलेच नारळ आणि खेकडे खात होते ना! त्या राखेतलं किरणोत्सारी सिझियम-१३७ रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमसारखं, त्यामुळे पोटॅशियम कमी असलेल्या त्या प्रवाळी मातीतून झाड ते सहज उचलतं, आणि ते निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात.

राखेतल्याच किरणोत्सारी आयोडीन-१३१ चं उलट, ते ८ दिवसांत निम्मं होतं, पण तेवढ्यात गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत जाऊन बसतं. लहान मुलाची ग्रंथी इवलीशी, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा तिला कितीतरी जास्त डोस. थायरॉईडच्या गाठी दिसायला लागल्या १९६३ ला, म्हणजे ९ वर्षांनी, त्यामुळे सुरुवातीला बरा दिसतोय म्हणून कुणाला मोकळं सोडणं वैद्यकीयदृष्ट्याच चूक आहे.

आणि जबाबदारी कुणाची यात शंका नको. ही बेटं १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांनी विश्वस्त म्हणून अमेरिकेच्या हाती दिली होती, रहिवाशांचं आरोग्य जपायचं हे त्या करारातच होतं, आणि तिथेच १९४६ ते १९५८ मध्ये ६७ चाचण्या झाल्या. ब्राव्होनंतर महिनाभरात नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवायची मागणी केली होती.

मार्शल बेटांशी झालेल्या १९८६ च्या करारात अमेरिकेने १५ कोटी डॉलर्स दिले. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने पुढे २ अब्ज डॉलर्सहून जास्त भरपाई मंजूर केली पण निधीच संपला. खास आरोग्य योजना आली ती बिकिनी, एनेवेटाक, राँगेलॅप आणि उटिरिक या चारच ठिकाणच्या लोकांसाठी. कॅन्सर झाला तर देशाबाहेर जायचं, आणि जे अमेरिकेत राहायला गेले त्यांचं मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) १९९६ च्या कायद्याने काढलं, ते परत मिळालं २०२० च्या शेवटी.

ऐलुक बेटावर १९५४ मध्ये सुमारे ४०० माणसं होती. तिथेही राख पडल्याचं मोजलं गेलं होतं, पण एवढ्या लोकांना हलवायचं नाही असं ठरलं. आरोग्य योजनेच्या त्या चारांच्या यादीत ऐलुक नाही.