विमान निवृत्त कधी होतं? जळगावच्या एटीआरमागचा जुना हिशोब

जळगाव विमानतळाचं उद्‌घाटन २३ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं. नियमित प्रवासी विमान उतरायला मात्र डिसेंबर २०१७ उजाडलं. 'उडान' योजनेत एअर डेक्कननं मुंबई-जळगाव सेवा सुरू केली ती बीचक्राफ्ट १९००डी या १९ आसनी विमानानं. ती सेवा फार टिकली नाही. सप्टेंबर २०१९मध्ये ट्रूजेटचं एटीआर ७२ हे सत्तरेक आसनांचं, पंख्यांचं विमान आलं, अहमदाबाद आणि मुंबईशी जोडून गेलं, आणि २०२२च्या सुरुवातीला ती कंपनीच थंडावली. एप्रिल २०२४पासून फ्लाय९१ आणि त्याच वर्षी जूनपासून अलायन्स एअर. दोघांकडेही पुन्हा एटीआरच.

सेवा बंद पडली की आपल्याकडे चर्चा ठरलेली: मुंबईत उतरायला वेळ मिळत नाही, पुढारी लक्ष घालत नाहीत, प्रवासी कमी पडतात. यातलं काहीच खोटं नाही. पण ज्या विमानाच्या जिवावर सेवा चालते त्या विमानाबद्दल कुणी बोलत नाही. ते कुठून आलं, कुणाच्या मालकीचं, किती वर्षं मिळणार, त्याचे सुटे भाग कोण बनवतं? रांगेत उभा एखादा प्रवासी 'हाई इमान कितलं जुनं शे, भो?' एवढं विचारतो आणि विषय तिथंच संपतो. तो प्रश्न रास्त आहे. फक्त विमानाचं म्हातारपण वर्षांत मोजलं जात नाही, आणि हे शहाणपण जगाला बरीच माणसं गमावून आलं.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांना ठरलेलं आयुष्य ही कल्पना नवी नाही. चेन्नईच्या कारखान्यातल्या जुन्या आयसीएफ डब्याला २५ वर्षं दिलेली. मधे वेळच्या वेळी पीओएच, म्हणजे ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती, होतं आणि मुदत भरली की डबा कंडम. विमानाला अशी वर्षांची मुदत नाही. भारतातही नाही. जुनं विमान परदेशातून आणायचं तर त्याच्या वयावर डीजीसीए या सरकारी नियामकाची मर्यादा आहे, पण जे इथं उडतंच आहे त्याला अमुक वर्षी थांबवा असा नियम नाही. उत्पादकानं ठरवलेली देखभाल होत असेल आणि उड्डाणयोग्यतेचे कागद चोख असतील, तर ते उडू शकतं.

मग मोजतात काय? मुख्यतः फेऱ्या. एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक फेरी. वर गेल्यावर केबिनमध्ये हवेचा दाब भरला जातो, विमानाचं धड किंचित फुगतं. खाली आल्यावर पूर्ववत होतं. हजारो वेळा असं झालं की धातू थकतो. १९५४मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये रोमहून निघालेली दोन ब्रिटिश कॉमेट जेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक आख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला, तेव्हा धड फाटलं आणि कारण समोर आलं. ती विमानं जुनी नव्हती. जेट प्रवासी सेवा सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती.

दुसरा धडा २८ एप्रिल १९८८चा. हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७-२००चं पुढचं छत हवेतच उडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी तशा अवस्थेत विमान माउई बेटावर उतरवलं. विमान १९ वर्षांचं होतं, पण त्याच्या फेऱ्या होत्या ८९,६८०. बेटांमधली छोटी छोटी अंतरं, दिवसभर चढ-उतार, त्यात समुद्राची खारी हवा. मोठ्या अंतरावर उडणारं त्याच वयाचं दुसरं विमान या आकड्याच्या जवळपासही नसतं. बोईंगनं ७३७ची रचना करताना ७५,००० फेऱ्यांचं उद्दिष्ट धरलं होतं आणि ७४७ साठी २०,०००. कारण उघड आहे: ७४७ एकदा उडालं की आठ-दहा तास खाली येत नाही. या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासण्यांची नवी पद्धत आली आणि पुढे अमेरिकी नियमांनी प्रत्येक मोठ्या विमानाला फेऱ्यांची वा तासांची शेवटची हद्द आखून दिली.

हे जळगावला थेट लागू होतं. इथून पुणे काय, गोवा काय, सगळीच अंतरं जवळची. असं एटीआर दिवसाला आठ फेऱ्या मारत असेल तर वर्षाला अडीच हजार सहज होतात, आणि त्याच काळात लांब पल्ल्याच्या विमानाच्या सहा-सातशे. एटीआर या कामासाठीच घडवलेलं आहे, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण त्याचं चाक, ब्रेक, इंजिन, सगळं फेरीगणिक झिजतं, आणि तिकिटाच्या पैशातून ती झीज भरून काढायची असते. लहान मार्ग महाग का पडतो, त्याचं एक उत्तर इथं आहे.

हद्द गाठेपर्यंत मात्र फारच थोडी विमानं उडवली जातात. बहुतेक त्याआधीच निवृत्त होतात, आणि ती झिजली म्हणून नव्हे, तर हिशोब बसत नाही म्हणून. दर काही वर्षांनी विमान हँगरमध्ये घेऊन जवळजवळ उघडंच करावं लागतं. आतला रंग, गंज, सांधे, वायरी सगळं तपासतात. बोलीभाषेत त्याला डी-चेक म्हणतात. इंजिनाचंही तसंच: आतल्या फिरत्या चकत्यांना फेऱ्यांची मुदत असते, ती संपली की इंजिन दुरुस्तीला पाठवावंच लागतं. अशा दोन मोठ्या खर्चांची वेळ एकत्र आली, इंधन महाग असलं आणि तेवढ्याच आसनांचं कमी इंधन पिणारं नवं विमान मिळत असलं, की जुन्याचा निकाल लागतो. एअरबसचं ए३२० निओ जुन्या ए३२० पेक्षा साधारण १५ टक्के इंधन वाचवतं. भारतात विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचाच वाटा सर्वांत मोठा, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

निवृत्त झालेलं विमान बहुधा सुट्या भागांसाठी जातं. अमेरिकेत ॲरिझोनाचं वाळवंट किंवा स्पेनमधलं तेरुएल अशा कोरड्या हवेच्या जागी ती उभी करतात, आणि सगळ्यात आधी इंजिनं उतरवतात, कारण खरी किंमत त्यांचीच. प्रत्येक भागाबरोबर त्याचा जन्मापासूनचा कागद लागतो. कागद हरवला तर चांगला भागही भंगाराच्या भावानं जातो.

भारतातली ताफा बदलण्याची कहाणी सरळ रेषेत गेली नाही. १ ऑगस्ट १९५३ला राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्स सुरू झाली तेव्हा आठ खासगी कंपन्यांकडून आलेली ९९ विमानं तिच्या वाट्याला आली. त्यातली ७४ डकोटा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पुढे व्हायकाउंट, फोकर फ्रेंडशिप, कॅराव्हेल, कानपूरला जुळवलेली ॲव्रो, मग १९७०च्या दशकात बोईंग ७३७-२०० आणि १९७६मध्ये एअरबस ए३००. नवं आलं की जुनं लगेच जायचं असं नव्हतं. ते मोठ्या मार्गावरून उतरून लहान गावांना जायचं. लहान गावांच्या वाट्याला जुनं विमान येण्याची रीत तिथून पडली.

१९८९मध्ये ए३२० आलं. संगणकावर चालणारं, त्या काळातलं सर्वांत आधुनिक. १४ फेब्रुवारी १९९०ला बंगळूरला त्यातलं एक कोसळलं आणि सरकारनं सगळी ए३२० काही महिने जमिनीवर ठेवली. नवी विमानं उभी, जुनी बोईंग भार वाहतायत, असा तो काळ.

मग आलं पाटणा. १७ जुलै २००० रोजी अलायन्स एअरचं बोईंग ७३७-२०० विमानतळाजवळच्या वस्तीवर पडलं. जमिनीवरच्यांसह ६० जण गेले. अलायन्स एअर ही १९९६मध्ये काढलेली इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी, आणि तिच्याकडे आईची वापरलेली ७३७ होती. ते विमान २० वर्षांचं होतं. देशभर एकच ओरड झाली: जुनाट विमानं उडवली म्हणून माणसं मेली. चौकशीनं मात्र दोष वैमानिकांच्या हाताळणीला दिला. तरी त्या अपघातानंतर जुन्या बोईंगांवरचा लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. राजकीय दबावानं ताफा बदलायचा निर्णय पुढे ढकलता येतो किंवा घाईनं घेता येतो; आपण दोन्ही केलं. १९८०च्या दशकातल्या मागणीनंतर इंडियन एअरलाइन्सला मोठी खरेदी करायला जवळपास दोन दशकं लागली, आणि मग २००५-०६मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सनं मिळून एकदम १११ विमानं मागवली. ती बहुतांश कर्जावर. कॅगनं २०११च्या अहवालात या खरेदीवर कडक ताशेरे ओढले. त्यातलीच पाच नवी-कोरी म्हणावीत अशी बोईंग ७७७-२००एलआर काही वर्षांत एतिहादला विकावी लागली. म्हणजे विमान म्हातारं व्हायच्या आतच निवृत्त झालं, कारण ते मार्गालाच बसत नव्हतं. माझ्या मते ताफ्याच्या नियोजनातली खरी चूक ही असते. जुनं विमान ठेवण्यापेक्षा चुकीचं विमान घेणं महाग पडतं.

खासगी कंपन्यांनी वेगळा रस्ता धरला. इंडिगोनं २००५मध्ये, उड्डाण सुरू करण्याच्या आधीच, १०० ए३२० मागवली. विमान हातात आलं की ते भाडेपट्टा कंपनीला विकायचं आणि तिच्याकडूनच भाड्यानं घ्यायचं. साधारण सहा वर्षांनी परत करायचं आणि नवं घ्यायचं. मोठा डी-चेक येण्याआधीच विमान दुसऱ्याच्या दारात. या पद्धतीत विमान कंपनीचं असतंच कुठे? कंपनी बुडाली की मालक ते न्यायला येतो. गो फर्स्टनं मे २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा हाच वाद न्यायालयात रंगला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं विमानांना दिवाळखोरीच्या स्थगितीतून, म्हणजे मालकानं मालमत्ता परत नेण्यावरच्या बंदीतून, वगळलं.

जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली. १४ फेब्रुवारी २०२३ला ४७० विमानांची घोषणा झाली: २५० एअरबस, २२० बोईंग. जुनं ते काढायला सुरुवात झाली. एप्रिल २०२४मध्ये शेवटचं ७४७-४०० मुंबईहून अमेरिकेला सुटे भाग व्हायला गेलं. नोव्हेंबर २०२५मध्ये तर आणखी मजेशीर गोष्ट बाहेर आली. कोलकाता विमानतळावर एअर इंडियाचं एक बोईंग ७३७-२०० २०१२पासून उभं होतं आणि कंपनीच्या हिशोबातूनच ते निसटलं होतं. विमानतळानं हलवा म्हटल्यावर मालकाला आठवलं. शेवटी ते रस्त्यानं बंगळूरला, तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी गेलं. निवृत्तीचं नियोजन नसलं की असं होतं.

नवं मागवलं म्हणजे नवं मिळतं असंही नाही. इंडिगोनं जून २०२३मध्ये मागवलेली ५०० विमानं २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. त्यातच प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांत, भाग बनवायच्या धातूच्या भुकटीतला दोष निघाला आणि इंडिगोची सत्तरहून अधिक विमानं एकाच वेळी उभी राहिली. इंधन वाचवणारी नवी जमिनीवर, आणि मुदत वाढवून घेतलेली जुनी ए३२० हवेत; १९९०चंच चित्र. २०२४मध्ये जगातल्या विमानांचं सरासरी वय १४.८ वर्षांवर गेलं, आजवरचं सर्वांत जास्त, असं आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं सांगितलं.

आता पुन्हा जळगाव. २०१७मध्ये आलेल्या बीचक्राफ्ट १९००डीचं उत्पादन २००२मध्येच थांबलं होतं. १९ आसनांचं असं विमान बदलायचं ठरवलं तरी त्याच घरचं नवं मिळणार नव्हतं, आणि लहान गावांना जोडायची योजना त्याच विमानावर उभी होती. एटीआरची गोष्ट बरी आहे. फ्रान्समध्ये तुलूझला ते अजून बनतं. फ्लाय९१ आणि अलायन्स एअर या दोघांकडेही ७२-६०० हा नवा प्रकार आहे. ज्या अलायन्स एअरला पाटण्यानंतर जुन्या बोईंगांसाठी देशानं बोल लावले, तीच आज जळगावात तुलनेनं नवं विमान आणते आहे. पण या वर्गात एटीआरला नव्या बनावटीचा प्रतिस्पर्धी जवळपास उरलेला नाही. सगळ्यांना तेच हवं, त्यामुळे ते आणि त्याची प्रॅट इंजिनं दोन्हींची रांग लांब आहे. लहान कंपनीकडे विमानं मोजकी. एक देखभालीला गेलं की वेळापत्रकातून आधी गळतं ते जळगावसारखं गाव.

जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची. एटीआरला पुरेशी, भरलेल्या एअरबस-बोईंगला तोकडी. म्हणून दिल्ली-मुंबईत शेकड्यांनी येणाऱ्या नव्या विमानांचा इथं थेट उपयोग नाही. शेजारी धुळ्यात गोंदूरला आणि शिरपूरला वैमानिक घडतात, जळगाव विमानतळावरही प्रशिक्षण चालतं. त्या ४७० आणि ५०० विमानांत बसणाऱ्यांपैकी काही जण इथल्याच आकाशात पहिल्यांदा एकटे उडालेले असतील. पण आपल्या जिल्ह्याला तिकीट मिळणार की नाही, हे ठरेल एटीआरच्या पुढच्या भाडेपट्ट्यांवर, किंवा धावपट्टी वाढवण्याच्या निर्णयावर. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत नव्या मार्गाची मागणी करताना कंपनीला आधी एवढं विचारावं: या मार्गासाठी राखीव विमान आहे का, आणि त्याचा भाडेपट्टा कधी संपतो?