कॅसरोलमधला चुना

टेक्ससमध्ये कामावरून घरी आल्यावर फार डोकं न लावता रात्रीचं जेवण उरकायचं असेल, तर टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सस-मेक्सिको धाटणीचं, बीफ कॅसरोल हमखास होतं. साधारण ४५० ग्रॅम बीफचा खिमा कांद्याबरोबर परतायचा. त्यात मिरची पूड, जिरं, लसूण, डब्यातले शिजवलेले पिंटो किंवा काळे बीन्स आणि हिरवी मिरची घातलेले डब्यातलेच टोमॅटो घालायचे. २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या पसरट भांड्यात मक्याच्या टॉर्टियांचे (मेक्सिकन पातळ पोळ्यांचे) तुकडे, त्यावर खिमा, त्यावर किसलेलं चीज, पुन्हा तेच थर. १८० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवलं की झालं. (आपला पोळ्या गरम ठेवायचा डबा तो वेगळा कॅसरोल.)

कृती एवढी सोपी असूनही पदार्थ दर वेळी सारखा उतरत नाही. कधी वर तेलाचं तळं साचतं आणि खाली रबर उरतं. कधी घरी शिजवलेले बीन्स टणक राहतात, कधी टोमॅटोच्या फोडी कितीही शिजवा, जशाच्या तशा. यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच मूलद्रव्य आहे, कॅल्शियम. ते कुठे धरून ठेवायचं आणि कुठे सोडवून घ्यायचं, एवढं कळलं की हे कॅसरोल सहसा बिघडत नाही.

सुरुवात चीजपासून करू, कारण खरी मजा तिथेच आहे.

दुधातलं केसीन हे प्रथिन सुटं तरंगत नाही. त्याचे हजारो रेणू एकत्र येऊन अतिसूक्ष्म गोळे बनतात आणि कॅल्शियम फॉस्फेटचे कण या गोळ्यांना आतून सांधून ठेवतात. गोळ्यांच्या बाहेर प्रथिनाचीच एक झालर असते, ती त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. दुधात रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ) घातलं की त्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, ही झालर छाटतं, गोळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. स्निग्धांश आणि पाणी त्या जाळ्यात अडकतात. इकडे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करत असतात. आम्ल वाढेल तसं कॅल्शियम फॉस्फेट विरघळत जातं आणि सांधे सैल होतात. पुढे हे चीज वितळणार की नाही, हे बरंचसं याच टप्प्यावर ठरतं.

चेडर चीजचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.१ ते ५.३ असतो. सांधे पुरेसे सैल झालेत, पण जाळं अजून तुटलेलं नाही, अशी ही अवस्था. असं चीज तापवलं की आधी चाळीस अंशांच्या आतबाहेर स्निग्धांश पातळ होतो आणि पासष्ट अंशांच्या सुमारास केसीनचं जाळंच ढिलं पडून वाहू लागतं. आपण ‘वितळलं’ म्हणतो ते हे दुसरं. त्यापुढेही तापवत राहिलं तर उलटाच प्रकार होतो. प्रथिनं पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात, आवळतात, पाणी आणि तूप बाहेर ढकलतात. वरचं तेलाचं तळं ते हेच.

मग पनीर का वितळत नाही? पनीर करताना दूध उकळीपर्यंत नेऊन लिंबू पिळतात. त्या उष्णतेने दुधातली एरवी निवळीत जाणारी प्रथिनं उलगडून केसीनला कायमची चिकटतात. शिवाय आम्लाने कॅल्शियमचे सांधे बरेचसे गेलेले असतात आणि केसीनचे रेणू थेट एकमेकांना भिडलेले असतात. ही पकड उष्णतेने सुटत नाही. पनीर तापवलं की फक्त पाणी सोडतं आणि घट्ट होतं. मेक्सिकोतलं केसो फ्रेस्को हे ताजं चीजही वितळत नाही, पण त्याचं कारण नेमकं उलटं आहे. त्यात आम्ल फारसं होऊच देत नाहीत, पीएच सहाच्या वर राहतो आणि कॅल्शियमचे सगळे सांधे शाबूत राहतात. म्हणून ते जेवणावर वरून कुस्करून घालतात. कॅसरोलच्या थरांत घालून त्याची तार निघण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

चेडर विकत घेताना ‘जितकं जुनं तितकं भारी’ हा हिशेब या पदार्थाला लागू पडत नाही. चीज मुरताना विकरं केसीनच्या लांब साखळ्यांचे तुकडे करत जातात. त्यामुळे चव वाढते, पण तुकडे झालेल्या साखळ्यांना तूप धरून ठेवणं जमत नाही. वर्षभर मुरलेलं चेडर लवकर फुटतं. माझं मत विचाराल तर निम्मं मध्यम मुरलेलं चेडर आणि निम्मं माँटेरे जॅक घ्यावं. जॅक कोवळं आणि ओलसर असतं, त्यामुळे चव चेडर देतं आणि वितळण्याचं काम जॅक करतं.

टेक्ससच्या स्वयंपाकात पिवळ्या प्रोसेस्ड चीजलाही मोठा मान आहे. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण त्यामागचं रसायनशास्त्र सुरेख आहे. १९११ मध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर या दोन स्विस संशोधकांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट मिसळून तापवलं. ते न फुटता एकजीव झालं. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये आपल्या प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. सायट्रेट कॅल्शियमला जाळ्यातून ओढून घेतं आणि त्या जागी सोडियम देतं. सोडियमला सांधे बांधता येत नाहीत. त्यामुळे केसीनच्या साखळ्या मोकळ्या होतात, त्यांचं एक अंग तुपाकडे आणि दुसरं पाण्याकडे वळतं आणि दोन्ही एकत्र धरली जातात. आपल्याकडच्या चीज क्यूबच्या वेष्टनावर ‘३३१’ हा आकडा दिसला तर तो याच सायट्रेटचा. त्याच्या सूत्रातली अक्षरं आकडे वगळून ओळीने वाचली तर एन-ए-सी-एच-ओ, म्हणजे ‘नाचो’ (वितळलेलं चीज घालून खायच्या मक्याच्या चिप्स) होतं. निव्वळ योगायोग आहे, पण रसायनशास्त्र शिकणाऱ्यांत हा विनोद अजून जुना झालेला नाही.

घरी १०० ग्रॅम चीजला दोन-तीन ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि थोडं दूध घालून मंद आचेवर ढवळलं, तर जुन्या चेडरचाही गुळगुळीत सॉस होतो. ते मिळालं नाही तर चीजच्या एकूण वजनात पाव हिस्सा प्रोसेस्ड चीज मिसळावं. त्यातलं सायट्रेट शेजारच्या चीजलाही थोडाफार हात देतं.

आता टॉर्टिया. इथे कॅल्शियम हवं असतं आणि ते चुन्यातून येतं. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच भिजत ठेवायची पद्धत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत हजारो वर्षांची आहे. तिला निक्स्टमलायझेशन म्हणतात. चुन्याच्या अल्कलीने दाण्याचं टरफल सुटतं, पेशींच्या भिंती मऊ होतात आणि कॅल्शियम दाण्यात शिरून पिष्ट आणि पेक्टिनसारख्या (वनस्पतींच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या) घटकांना बांधून ठेवायला मदत करतं. आपल्या मक्याच्या पिठाची भाकरी उकड काढल्याशिवाय थापताना कडेने चिरते. चुन्यातून निघालेल्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया पातळ होऊन घडीही घेते. कॅसरोलमध्ये खिम्याचा रस पिऊनही तिचे थर टिकतात ते यामुळे. तुकडे आधी कोरड्या तव्यावर भाजून घेतले तर आणखी टिकतात.

पण चुन्याचं मोठं काम वेगळंच होतं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व इतर रेणूंना जखडलेलं असतं, आपल्या आतड्यांना ते सोडवता येत नाही. चुना ते सोडवतो. मका युरोपात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरला, चुन्याची पद्धत मात्र मागेच राहिली. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला. त्वचा सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धिभ्रम होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हा रोग संसर्गजन्य समजला जात होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून त्याचा माग काढला आणि दोष आहाराचा असल्याचं दाखवलं. कमतरता नायसिनची आहे, हे १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेहेम यांच्या संशोधनातून स्पष्ट झालं. दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांतही पेलाग्रा आढळला होता. हैदराबादमध्ये डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या अतिरेकाशी जोडला.

टोमॅटो आणि बीन्सचं प्रकरण छोटं आहे. डब्यातल्या टोमॅटोच्या फोडींना बहुधा कॅल्शियम क्लोराइड लावलेलं असतं. ते फोडीतल्या पेक्टिनला सांधतं, म्हणून फोड विरघळत नाही. दाट रस्सा हवा असेल तर ठेचलेले टोमॅटो घ्यावेत, त्यांत हे क्षार सहसा नसतात. बीन्सबाबतही पेक्टिनचाच मामला. जड, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेल्या, पाण्यात डाळ शिजत नाही हे विहिरीचं पाणी वापरणाऱ्या घरांना सांगायला नको, आणि टोमॅटोचं आम्लही पेक्टिनला विरघळू देत नाही. म्हणून कोरडे बीन्स वापरणार असाल तर ते आधी पूर्ण मऊ शिजवून मगच टोमॅटोत घालावेत. राजमा वापरणार असाल तर तो भिजवून थेट ओव्हनमध्ये किंवा स्लो कुकरमध्ये घालायचा विचारही करू नका. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. ते मोडायला निदान दहा मिनिटं खळखळून उकळी लागते, आणि अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला तर अर्ध्या तासाचा आहे. डब्यातल्या बीन्सना ही भीती नाही.

खिम्यात कॅल्शियमला फारसा वाव नाही. मांस काही दिवस थंड ठेवून मुरवताना स्नायूतलं कॅल्शियम काही विकरांना जागं करतं आणि मांस मऊ होतं. खिमा मात्र यंत्रातून आधीच तुकडे होऊन आलेला असतो. इथला प्रश्न पाण्याचा आहे. खमंग तपकिरी रंग आणि वास ज्या मायार अभिक्रियेतून येतो, ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. भांड्यात पाणी सुटलेलं असेपर्यंत तापमान शंभरावर अडून राहतं आणि खिमा उकडतो, भाजला जात नाही. त्यामुळे पसरट भांडं, मोठी आच आणि सतत ढवळायची सवय आवरणं. पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं ठेवला तर खिमा पाणीही कमी सोडतो आणि लवकर तपकिरी होतो.

रंगावरून तो शिजला असं मात्र समजू नये. अखंड तुकड्यात जिवाणू बहुतेक पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतवर मिसळले जातात. म्हणून बीफचा खिमा आतून ७१ अंशांपर्यंत तापायला हवा, असा दंडक आहे. बीफ खात नसाल आणि टर्की किंवा कोंबडीचा खिमा घेतला तर ७४ अंश.

एवढं झाल्यावर ओव्हनला शिजवायचं काही उरत नाही, फक्त थर आतपर्यंत गरम करायचे असतात. पहिली वीस मिनिटं भांडं झाकावं, वरचं चीज शेवटच्या दहा मिनिटांतच घालावं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नये, तेवढ्यात रस पिष्टात मुरतो आणि वाढताना थर कोसळत नाहीत. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या दिवशी चेडरचा थर पहिल्यासारखा वाहणार नाही, कारण त्यातलं पाणी गेलेलं असतं आणि प्रथिनं आवळलेली असतात. थोडं पाणी शिंपडून, झाकून, हलक्या आचेवर गरम केलं तर बराचसा मऊपणा परत येतो. प्रोसेस्ड चीज घातलेलं असेल तर एवढीही खटपट लागत नाही.