निळ्या फेरारीवर लाल हात: छोट्या रेसगाड्यांच्या रंगामागचा इतिहास

माझ्या कपाटात चार इंच लांबीची एक फेरारी आहे. लिव्हरपूलच्या डिंकी टॉइजची, १९५०च्या दशकातली. आज ती लाल आहे, त्याला पस्तीस वर्षं झाली, आणि तिच्या लाल असण्याचा सल मला आहे. चोरबाजारात मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानातून घेतली तेव्हा ती निळी होती. नाक पिवळं, अंगावर ५चा आकडा. मी तेव्हा कॉलेजात होतो. फेरारी लालच असते एवढंच ठाऊक. आधीच्या घरातल्या पोराने हाताला लागेल तो डबा उघडून गाडी रंगवली असणार, असं मी ठरवून टाकलं, पेंट रिमूव्हर आणला आणि एका रविवारी निळा रंग उतरवून मोकळा झालो. पुष्कळ वर्षांनी कळलं की निळं अंग आणि पिवळं नाक हे शर्यतीतले अर्जेंटिनाचे रंग. ते कारखान्यानेच दिलेले होते.

जुनी रेसगाडी मिळवायची, खोलायची, रंगवायची, तिच्यावर पट्टे, आकडे, तेलाचे डाग चढवायचे, हा छंद मुंबईत आता बऱ्याच जणांना लागला आहे. एअरब्रश घरपोच येतो, रंगाच्या बाटल्या मिळतात, हात शिकवणारे व्हिडिओ आहेत. आपण जो रंग खरवडतो आहोत तो तिथे कसा आला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

सुरुवात खऱ्या शर्यतींपासून करावी लागते. १९००च्या सुमारास गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती सुरू झाल्या. त्या देशादेशांतल्या, म्हणून कुठली गाडी कुठल्या देशाची हे लांबून ओळखू यावं यासाठी प्रत्येक देशाला रंग ठरवून देण्यात आला. ही सूचना काउंट एलियट झ्बोरोव्स्की यांची मानतात. फ्रान्सला निळा, बेल्जियमला पिवळा, जर्मनीला पांढरा. १९०३ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली आणि ब्रिटिश गाड्या तिथे हिरव्या रंगात उतरल्या; तो हिरवा त्यांना कायमचा चिकटला. लाल पुढे इटलीचा झाला. गाडी कुठल्या कंपनीची आहे यापेक्षा ती कुणाच्या नावावर उतरली आहे, यावर रंग ठरायचा. माझी चूक नेमकी इथे झाली. १९४९मध्ये अर्जेंटिनाचा शर्यतपटू हुआन मॅन्युएल फांजिओ युरोपात जिंकत सुटला, तेव्हा त्याच्या इटालियन गाड्या अर्जेंटिनाच्या निळ्या-पिवळ्या रंगात होत्या. १९५२ आणि १९५३ ही दोन्ही वर्षं अल्बेर्तो आस्कारी लाल फेरारीत विश्वविजेता ठरला, तरी त्याच सुमारास डिंकीने बाजारात आणलेली फेरारी निळीच होती.

जर्मनीच्या पांढऱ्याचं रुपेरी कसं झालं, याची एक गोष्ट छंदवाल्यांना फार प्रिय आहे. १९३४ साली नियम होता की गाडीचं वजन ७५० किलोच्या वर नको. न्युर्बुर्गरिंगला मर्सिडीज काट्यावर चढवली तर एक किलो जास्त भरली. रात्रभर कामगारांनी पांढरा रंग खरवडून काढला, खालचं अॅल्युमिनियम उघडं पडलं आणि ‘सिल्व्हर अॅरो’ जन्माला आले. ही हकीगत संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी पुढे सांगितली. अभ्यासक ती खरी मानायला तयार नाहीत, कारण त्या दिवशीच्या शर्यतीला तो वजनाचा नियम लागूच नव्हता. मला ती खोटी असली तरी आवडते. रंगालाही वजन असतं हे ती लक्षात आणून देते, आणि चार इंचांच्या गाडीवर तर ते फारच खरं आहे. एक हात जास्त बसला की दाराच्या रेघा, खिळ्यांची डोकी, बॉनेटवरच्या जाळ्या बुजून जातात.

आता खेळण्याकडे. मेकॅनोवाले फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या जोडीला छोट्या मोटारी काढल्या आणि १९३४मध्ये त्यांना डिंकी हे नाव मिळालं. १:४३ हे प्रमाण जगभर रूढ झालं ते त्या आगगाड्यांमुळेच. खेळण्यातल्या आगगाड्यांच्या ‘ओ’ गेज या मापात सात मिलिमीटरला एक फूट धरतात, त्यातून ते निघालं. १९५०च्या दशकातल्या डिंकीच्या रेसगाड्या एका ओळीत लावल्या तर शर्यतीचा नकाशाच उभा राहतो: हिरवी कूपर-ब्रिस्टल, निळी टाल्बो-लागो, लाल आल्फा रोमिओ. रंग भट्टीत भाजून पक्का केलेला. त्यामुळे सत्तर वर्षांनीही कोपऱ्या-कडांचे टवके सोडले तर तो धरून असतो.

त्या रंगाखालचा धातू म्हणजे झमॅक: जस्त, त्यात सुमारे चार टक्के अॅल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम व तांबं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने तो १९२९मध्ये तयार केला. जस्त शुद्ध हवं, ही त्याची अट. त्यात शिसं मिसळलं गेलं तर धातू आतून कुरतडला जातो, फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा भुगा होतो. इंग्रजीत याला ‘झिंक पेस्ट’ (pest) म्हणतात. आपण जस्ताची कीड म्हणू. महायुद्धाआधीच्या गाड्यांना ती फार लागते, आणि दमट हवा तिला मानवते. मुंबईत समुद्राकडे तोंड करून असलेल्या घरातल्या काचेच्या कपाटात अशी गाडी ठेवणं धोक्याचं आहे. धातूवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तिला रंगवायच्या फंदात पडू नये. तो रंगच तिला एकत्र धरून असतो.

गाडी आपल्या मनासारखी बदलायची, ही हौस अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या गाड्या घेऊन त्यांचं छत कापायची, बंपर काढायची, रंग बदलायची. रुपेरी किंवा सोनेरी थरावर पारदर्शक रंग चढवला की तो गोळीसारखा चमकतो. ‘कँडी’ रंग म्हणतात तो हाच. १९५८मध्ये एएमटी कंपनीने १:२५ प्रमाणातले प्लास्टिकचे असे संच काढले, की एकाच संचातून गाडी मूळ रूपात, शर्यतीसाठी किंवा हौसेप्रमाणे बदलून, तिन्ही तऱ्हांनी जोडता यायची. बदल करणं हा खेळाचाच भाग झाला तो तिथून. मॅटेलने १९६८मध्ये हॉट व्हील्स आणल्या, त्यांच्यावरचा चमकता स्पेक्ट्राफ्लेम रंग म्हणजे उघड्या चकचकीत धातूवर दिलेला पारदर्शक थर, गल्लीतल्या कँडीचाच धाकटा भाऊ. जपानच्या तामियाने १९६७मध्ये १:१२ची होंडा फॉर्म्युला वन काढली आणि इंजिनाच्या नळ्यासुद्धा रंगवायची सवय लोकांना लावली.

१९६८ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. त्या वर्षी लोटसने ब्रिटिश हिरवा सोडून गोल्ड लीफ सिगारेटचा लाल-पांढरा-सोनेरी वेष चढवला. देशांचे रंग गेले, जाहिरातदारांचे आले. १९७२ची काळी-सोनेरी लोटस, गल्फ तेल कंपनीची फिकट निळी-केशरी गाडी, हे सगळं त्याच लाटेतलं. तोवर छोट्या रेसगाडीला एक रंग आणि एक आकडा पुरायचा. आता केसाएवढ्या रेघा आणि मुंगीएवढी अक्षरं हवीत. पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायच्या छापील चित्रांना, म्हणजे डिकॅलना, खरी किंमत आली ती तेव्हापासून.

हे सगळं बाहेर चाललेलं असताना मुंबईत काय होतं? शर्यती आपल्यालाही नव्या नव्हत्या, जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर गाड्या पळत. पण खेळण्यांच्या बाबतीत दार बंद होतं. परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून आयात आवळली गेली. नवी डिंकी किंवा मॅचबॉक्स मिळायची ती बोटीवर नोकरीला असलेल्या एखाद्या काकांच्या बॅगेतून. डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाल्या. पुढे १९८०च्या दशकात मुंबईच्या ब्लो प्लास्टने ‘लिओ’ या नावाखाली हॉट व्हील्स बनवल्या, आज त्यांच्यासाठी परदेशातले संग्राहक आसुसलेले असतात. बाकी सगळं चोरबाजारातून, किंवा एखादं जुनं घर रिकामं होताना बाहेर पडलेल्या पेटाऱ्यातून.

गाड्या अशा दुर्मिळ, आणि छंदाचे रंग तर नाहीतच. हंब्रोलच्या इवल्याशा डब्या आम्ही फक्त परदेशी मासिकांत पाहिल्या. मग मुंबईकर शिकला कुठे? माझं उत्तर एकच आहे: गॅरेजात.

या शहराला रंगाची जुनी सवय आहे. १९२०मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स हा कारखाना निघाला, तोच पुढे नेरोलॅक झाला. १९४२मध्ये, युद्धामुळे रंगाची आयात थांबली असताना, गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजात एशियन पेंट्स सुरू केली. १९२८पासून शिवडीला जनरल मोटर्सच्या गाड्या जोडल्या जात होत्या, आणि वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. या सगळ्या गाड्या ठोकून, पुट्टी भरून, रंगवून पुन्हा रस्त्यावर आणणारे कारागीर गल्लोगल्ली होते. त्यांच्या तोंडी ‘ड्यूको’ हा शब्द असायचा. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्टने १९२३मध्ये आणलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं ते नाव. त्याआधी एक मोटार रंगवून वाळायला आठवडे लागत. हा रंग तासांत वाळायचा. नाव इथे असं रुजलं की आजही सुतार कपाटाला ‘ड्यूको मारू का?’ म्हणून विचारतो.

माझी फेरारी ज्या लाल रंगाने रंगली, तो फियाटच्या दरवाजाला मारून उरलेला होता. ऑपेरा हाउसजवळच्या एका गॅरेजातल्या पेंटरकाकांनी तो बाटलीत ओतून दिला. गाडी हातात घेऊन त्यांनी आधी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘आधी पेपर मार नीट. रंग काय, कोणीही मारतो.’ पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, मग प्रायमर सरफेसर, पुन्हा पेपर, मग रंगाचे पातळ तीन हात, वाळल्यावर रबिंग कंपाउंड. मोठ्या गाडीचाच क्रम, फक्त पेपर अधिक बारीक. नागदेवी स्ट्रीटवर हजार, दीड हजार, दोन हजार नंबरचे पेपर सुटे मिळायचे.

त्यांचा दुसरा नियम: पावसाळ्यात रंग फवारायची गन हातात धरायची नाही. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि लाल रंगावर दुधासारखी साय येते. सावकाश उडणारा थिनर घालून थोडं निभावतं, पण जुलैतल्या मुंबईत त्याचाही इलाज चालत नाही. म्हणून जुनी मंडळी जून ते सप्टेंबर खोलाखोली, कानशीकाम आणि चाकांची डागडुजी करतात, रंग दिवाळीनंतर.

आकड्यांसाठी रेडियमवाला. दुचाक्यांच्या नंबरप्लेटी कापणारा माणूस तुमच्या मापाचा ५ कापून देतो, कडा मात्र जाड दिसते. बारीक रेघा काढायला मी शिकलो ते लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात. तिथे मूर्तीच्या अंगाला कॉम्प्रेसरची गन चालते, डोळ्यांची आखणी मात्र हातानेच. आखणी करणारे काका करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवत, श्वास सोडत, आणि ब्रश एकदाच ओढत. मध्ये थांबणं नाही, वर गिरवणं नाही. मी तसंच करंगळी बॉनेटला टेकवतो. कॉकपिटच्या कडेची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते आणि ती पुसून पुन्हा काढायची म्हटलं तर खालचा रंगही हलतो.

खोलण्याची पद्धतही सांगतो, कारण तिथेच जास्त गाड्या वाया जातात. डिंकीचा पत्र्याचा तळ अंगाला रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेटचं डोकं ड्रिलने हलके उडवायचं, खुंट राखायचा, त्यात आटे पाडायचे, म्हणजे जोडताना छोटा स्क्रू बसतो. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरा असं आजही लोक सुचवतात. तो जस्ताला खातो. धातू काळवंडतो, खवखवीत होतो आणि मूळ कोरीवकाम झिजतं. साधा पेंट रिमूव्हर, मऊ ब्रश आणि हातमोजे, खिडकी उघडी.

माझा आताचा कौल असा: निम्म्याहून जास्त मूळ रंग शिल्लक असेल तर गाडीला फक्त साबणपाणी. चाकं, काच तुटली असेल तर ती बदलावी, अंगाला हात लावू नये. हौसेचे बदल ज्यांना करायचे आहेत त्यांनी ते उघड्या-वाघड्या, पोरांनी आधीच रंगाची पुटं चढवलेल्या गाड्यांवर खुशाल करावेत. त्यात मला काहीच गैर वाटत नाही, उलट मेलेली गाडी पुन्हा टेबलावर येते. मात्र रिमूव्हर लावण्याआधी तळ खोलून आत बघावं. कारखान्यात रंग बाहेरून फवारलेला असल्याने आतल्या बाजूला त्याची धूळ बसलेली असते, आणि तिथे पोरांचा ब्रश पोचलेला नसतो.

माझ्या फेरारीचा तळ मी तेव्हा खोललाच नव्हता. गेल्या वर्षी पहिल्यांदा खोलला. पुढच्या खुंटाच्या मुळाशी नखाएवढा निळा अजून आहे, आणि नाकाच्या आतल्या कडेला पिवळ्याची एक रेघ. गोरेगावच्या एका रंगाच्या दुकानात मी तो दिवसाउजेडी दाखवून निळा जुळवून आणला आहे. बाटली कपाटात, गाडीच्या शेजारी ठेवली आहे.