प्रवाळटाकीचा प्रकाश वॅटमध्ये मोजू नये

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ ठेवायचे असतील, तर दर गॅलन पाण्यामागे चार-पाच वॅटचे दिवे हवेत, हा हिशेब हौशी मंडळी कित्येक वर्षे एकमेकांना सांगत आली आहेत. तो चुकीचा आहे. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. तिच्यातून किती प्रकाश निघाला आणि त्यातला किती प्रवाळापर्यंत पोहोचला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ट्यूबलाइटच्या काळात दिवे जवळपास सारखेच असल्याने हा ठोकताळा कसाबसा चालून गेला. एलईडी आल्यावर त्याला अर्थ उरला नाही.

प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर अन्न तयार करतात. या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते 'पार' या मापाने मायक्रोमोलमध्ये मोजतात, आणि दिव्याची निवड त्यावरूनच करावी. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पुरतात. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतात. पृष्ठभागाजवळ ३०० दाखवणारे मोजयंत्र तळाच्या वाळूपाशी १०० वर येऊ शकते, म्हणून मोजणी पाण्याखाली, प्रवाळ जिथे बसवायचा तिथेच करावी.

आणि नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने कृपया लावू नका. प्रकाश कमी पडला तर प्रवाळ तपकिरी होतो, आणि तो बहुधा सावरता येतो. पण प्रकाश एकाएकी वाढला, तर तो आतली शैवाले गमावून वरच्या बाजूने पांढरा पडू लागतो. तीस-चाळीस टक्क्यांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत तेज हळूहळू वाढवत न्यावे.