इंजिन न खोलता गाळ काढणे

जुन्या इंजिनात ऑइल तापून, आंबून आणि काजळी-पाण्यात मिसळून जो काळा चिकट थर बसतो, तो इंजिन गाडीवरून न उतरवता आणि न खोलता विरघळवून बाहेर काढण्याची रीत. गॅरेजच्या बोलीत याला फ्लशिंग किंवा नुसतेच ‘इंजिन आतून धुणे’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या सीमापट्ट्यात मिस्त्री एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो, त्यामुळे गाळाची नावेही जोडीने चालतात: मराठीत राडा, कन्नडात राडी. पावसाळ्यात रस्त्यावर होतो तोच हा शब्द. थर फारच घट्ट झाला असेल तर ‘ऑइलचं डांबर झालंय’ एवढ्यावर निदान संपते.

या भागात जुनी इंजिने टिकून आहेत याला कारणे आहेत. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचा, आणि त्यांचे सायकलचे दुकानही बेळगावातच होते. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ मध्ये पुण्यात त्यांच्या समूहाची ऑइल इंजिन कंपनी सुरू झाली. शहरात ओतकामाचे आणि मशीनशॉपचे धंदे वाढले, उद्यमबागेत त्यांची वसाहतच उभी राहिली. भाग ओतणारा, घासणारा आणि बसवणारा माणूस हाकेच्या अंतरावर असला की इंजिन भंगारात घालायची घाई कोणी करत नाही. नदीकाठचे उपसा इंजिन, गुऱ्हाळावरचे इंजिन, वडापची (खासगी प्रवासी वाहतुकीची) जीप, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, अशी तीस-चाळीस वर्षे वयाची यंत्रे आजही सापडतात. ‘इंजिन काम’ काढायचे म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचे काम असा खर्च एकामागून एक येतो. तो टळावा म्हणून मालक आधी विचारतो, ‘धुऊन भागतंय का बघा की.’

गाळ कसा बनतो हे कळल्याशिवाय तो काढण्याच्या रीतींतला फरक कळत नाही. तापलेल्या ऑइलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यातून आम्ले आणि चिकट, लाखेसारखी द्रव्ये तयार होतात. तापमान दहा अंशांनी वाढले की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. रिंगांच्या कडेने खाली निसटणारा ज्वलनाचा वायू काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अर्धवट जळालेले इंधन बरोबर आणतो. आणि पाणी. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते, हे बहुतेकांना खरे वाटत नाही. ती वाफ बहुतांशी सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, उतरते आणि इंजिन थंड असेल तर तिथेच थिजते. म्हणून रोज दोन-तीन किलोमीटर चालून दर दारात थांबणाऱ्या दुधाच्या रतिबाच्या गाडीत राडा लवकर धरतो. चोर्ला घाट चढून गोव्याला भाजी पोचवणाऱ्या गाडीचे ऑइल मात्र तापते, पाणी उडून जाते. खानापूरकडच्या पावसाळी, दमट हवेत आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करून पुन्हा झाकून ठेवलेल्या इंजिनाची अवस्था सर्वांत वाईट. मालकाला वाटते आपण इंजिन जपतो आहोत. प्रत्यक्षात तो दर आठवड्याला आत थोडे पाणी घालत असतो.

चांगल्या ऑइलमध्ये यावर इलाज आधीच घातलेला असतो. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार आम्ल मारतात आणि तापलेल्या भागांवर थर धरू देत नाहीत. विखुरणारी दुसरी द्रव्ये काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवतात. डिझेल इंजिनात ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते ते यामुळेच. काळे झाले म्हणजे खराब झाले असे नाही. उलट ते आपले काम करते आहे. ही द्रव्ये संपली आणि ऑइल तरीही बदलले नाही, की तरंगणारी काजळी खाली बसू लागते.

ती बसते कुठे? टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली), हेडमधून ऑइल खाली येण्याच्या भोकांत, ऑइल रिंगेच्या खाचांत, चेंबरच्या तळाशी आणि सर्वांत धोक्याची जागा म्हणजे ऑइल पंपाच्या तोंडची जाळी. बाकी ठिकाणचा गाळ इंजिन वर्षानुवर्षे सहन करते. जाळी बुजली की मात्र बेअरिंगला ऑइल मिळत नाही आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पकडायला, म्हणजे जाम व्हायला, काही मिनिटे पुरतात.

तपासणी साधी आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढून आत बॅटरीचा उजेड पाडावा. धातू पिवळसर-तपकिरी दिसत असेल तर ती नुसती लाख आहे, तिला हात लावू नये. बोटाने खरवडल्यावर नखात काळे लोण्यासारखे आले, तर राडा. झाकणाच्या आत दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर असेल तर पाणी आले आहे. थंडीत किंवा पावसाळ्यात थोडा थर साध्या ओलाव्यानेही धरतो, पण ऑइलच पांढरे झाले असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेले आहे आणि धुण्याने काहीही साधणार नाही. दुसरी परीक्षा टिपकागदाची. गेजपट्टीवरचा गरम ऑइलचा एक थेंब टिपकागदावर सोडून तासभर ठेवायचा. डाग मधून बाहेरपर्यंत हळूहळू फिकट होत गेला तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मध्ये डांबरासारखा काळा ठिपका, त्याची कड कापल्यासारखी, आणि भोवती नुसते स्वच्छ तेलकट वर्तुळ, असे दिसले तर काजळी धरून ठेवायची ताकद संपलेली आहे. टिपकागद नसेल तर लग्नपत्रिकेची कोरी मागची बाजू चालते, गुळगुळीत नसली म्हणजे झाले.

ऑइल प्रेशरचा काटा असेल तर त्याच्याकडूनही बरेच कळते. गरम इंजिन आयडलला असताना काटा पडतो आणि रेस केल्यावर सावरतो, तेव्हा संशय झिजलेल्या बेअरिंगवर घ्यावा. उलट रेस वाढवल्यावर काटा पडतो, बंद करून दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा ठीक दाखवतो, तेव्हा जाळीवर राडा ओढला जातो आहे आणि थांबल्यावर गळून पडतो आहे असे समजावे. पहिल्या प्रकारात धुऊन उपयोग नाही. दुसऱ्यात धुणे धोक्याचे आहे, कारण मोकळा झालेला गाळही त्याच जाळीवर येणार. तिथे चेंबर उतरवावाच लागतो.

रूढ उपाय रॉकेल किंवा डिझेलचा. रेशनचे निळे रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून डिझेलच जास्त वापरतात. इंजिन गरम करून, जुन्या ऑइलमधले अर्धा ते एक लिटर काढून तेवढेच डिझेल घालायचे, पाच-दहा मिनिटे आयडलला चालवायचे, गरम असतानाच ड्रेन नट काढून सगळे उतरू द्यायचे, शेवटी थोडे स्वस्त ऑइल वरून ओतून खंगाळायचे आणि नवीन फिल्टर लावून नवे ऑइल भरायचे. हे काम करते, यात शंका नाही. पण कोणत्या किमतीवर तेही पाहावे. चाळीस ग्रेडचे ऑइल शंभर अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) इतके दाट असते. डिझेल चाळीस अंशांनाच २ ते ४.५ असते. थोडेच डिझेल मिसळले तरी बेअरिंगमधला ऑइलचा पापुद्रा झपाट्याने पातळ होतो. म्हणून असे मिश्रण आत असताना गाडी रस्त्यावर घेऊ नये, रेस करू नये, भार देऊ नये. काही जण चेंबरभर नुसते डिझेल घालून इंजिन चालवतात. तो निव्वळ आततायीपणा आहे. डिझेल इंजिनात याहून भयंकर प्रकार होऊ शकतो: पातळी वाढलेली असली तर ब्रीदरमधून (चेंबरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल-डिझेलचे धुके हवेच्या वाटेने आत ओढले जाते आणि इंजिन त्याच धुक्यावर पळू लागते. मग स्टॉपर ओढून, चावी काढून ते थांबत नाही. हवेची वाट फळीने किंवा जाड कापडाच्या बोळ्याने बंद करणे हाच एक मार्ग उरतो, आणि त्या वेळी इंजिनापाशी उभे राहायचे धैर्य सगळ्यांना होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरच्या ट्रॅक्टरवर हा प्रयोग एकदा झाला आहे. ऊस तोडणीच्या आदल्या आठवड्यात मिस्त्रीने डिझेलने धुतले, काळे पाणीच पाणी बाहेर आले, सगळ्यांना बरे वाटले. तिसऱ्या दिवशी भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या वाटेवर प्रेशरचा काटा खाली आला. चालकाने लगेच इंजिन बंद केले म्हणून क्रँक वाचला. चेंबर उतरवल्यावर जाळीवर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे काळे तुकडे एकावर एक चिकटलेले निघाले. डिझेलने थर विरघळवला नव्हता, नुसता सोलून काढला होता, आणि सोललेले साल पंपाने ओढून घेतले होते. चूक मिस्त्रीची कमी, आमच्या घाईची जास्त.

दुकानात मिळणारे बाटलीबंद फ्लश तत्त्वतः याच जातीचे: सौम्य द्रावक, त्यात थोडे डिटर्जंट. जुन्या ऑइलमध्ये बाटली ओतून, तिच्यावर लिहिलेली मिनिटे मोजून, आयडलला चालवून काढून टाकायचे असते. प्रमाण ठरलेले असल्याने डिझेलपेक्षा बरे. लिहिल्यापेक्षा जास्त वेळ चालवले तर मात्र फायदा नाही. गिअर ऑइलसारखी दुसरी ऑइले घालून पाहणारेही आहेत. ऑटोमॅटिक गिअरचे लाल ऑइल ‘आतून साफ करते’ अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. पण त्यात इंजिन ऑइलपेक्षा डिटर्जंट कमीच असते.

सर्वांत भरवशाची रीत सर्वांत कंटाळवाणी आहे. गाळ वर्षांनी बसला, तो निघायलाही काही महिने द्यावेत. जुने ऑइल गरमागरम उतरवायचे, चांगल्या प्रतीचे डिझेल इंजिनाचे १५डब्ल्यू-४० ऑइल, सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचे, आणि नवा फिल्टर घालायचा. पहिल्यांदा ते पाचशे किलोमीटरवर किंवा उपसा इंजिनाच्या बाबतीत वीस-पंचवीस तासांवर बदलायचे, दुसऱ्यांदा त्याच्या दुप्पट अंतराने. तिसऱ्या-चौथ्या बदलानंतर नेहमीच्या अंतरावर यायचे; ट्रॅक्टरला हे अंतर बहुधा २५० तासांच्या आसपास असते. प्रत्येक वेळी उतरलेले ऑइल जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळून बघावे. नुसती काजळी कापडातून निघून जाते. दाणे किंवा पापुद्रे उरले तर पुढचा बदल लवकर करावा. जुना फिल्टर कापून घड्या उलगडून पाहिल्या तर आणखी कळते. घड्यांत चमकणारा धातू दिसला तर धुण्याचा विषय तिथेच बंद.

‘न खोलता’ या शब्दाची मर्यादा कुठवर, यावर गॅरेजमध्ये मतभेद असतात. अनेक जुन्या जीप आणि ट्रकना इंजिन जागेवर ठेवून चेंबर सोडता येतो: बोल्ट काढायचे, नवे पॅकिंग लावायचे, अर्ध्या दिवसाचे काम. जाळी हाताने धुता येते. टॅपेट कव्हर काढून वरचा गाळ लाकडी पट्टीने खरवडून कापडात गोळा करता येतो. लोखंडी पात्याने मात्र खरवडू नये आणि तुकडे खाली भोकांत पडू देऊ नयेत. याला इंजिन खोलणे म्हणायचे नाही असेच या नोंदीचे मत आहे. लिस्टर पद्धतीच्या मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या इंजिनात तर कारखान्यानेच सोय करून ठेवलेली आहे: बाजूला दार असते, ते काढले की हात आत जातो. या इंजिनांत कनेक्टिंग रॉडला लावलेली पळी ऑइल उडवते, फिल्टर नसतो, आणि तळाशी बसलेला गाळ तळाशीच राहावा अशी रचना असते. तिथे जादा डिटर्जंटचे ऑइल घातले तर ते गाळ उचलून सगळीकडे फिरवते. म्हणून आधी दार काढून चिंध्यांनी तळ पुसून घ्यावा, मगच ऑइल बदलावे.

रिंगा चिकटल्या असतील तर गाळापेक्षा कार्बनचा प्रश्न असतो. इंजेक्टर किंवा प्लगच्या भोकातून पिस्टनवर थोडे द्रावक घालून रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी भोक उघडे ठेवूनच इंजिन हाताने फिरवून सगळे बाहेर काढावे लागते. भोक बंद करून फिरवले तर आत राहिलेला द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

धुतल्यावर ऑइल सील गळू लागणे हा नेहमीचा अनुभव आहे. जुन्या, टणक झालेल्या सीलच्या कडेला गाळ बसूनच गळती थांबलेली असते. ‘गाळानंच इंजिन धरलंय’ असे मिस्त्री म्हणतो ते याच अर्थाने, आणि फार झिजलेल्या इंजिनाबाबत तो खोटे बोलत नसतो. अशा इंजिनाला वारंवार ऑइल बदलण्यापलीकडे काही करू नये.

निघालेले काळे ऑइल कुठे जाते हेही सांगायला हवे. सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, तर कधी बैलगाडीच्या आखाला ते वापरतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. डिझेल मिसळलेले ऑइल त्याहून ज्वालाग्राही असते. ते वेगळ्या कॅनमध्ये भरून त्यावर खडूने तसे लिहून ठेवावे, नाहीतर ते पुढे कोणाच्या तरी इंजिनात टॉपअपला जाते.