बंब येईपर्यंत: गावच्या अग्निशमन दलामागची पार्श्वभूमी

१९५७ साली नागपुरात दोन संस्था आल्या. आदल्या वर्षी रामपूरला सुरू झालेलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे हलवलं गेलं. त्याच वर्षी आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था उघडली; १९६८ साली तिचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं. देशभरचे अग्निशमन अधिकारी नागपुरात शिकून जातात. त्याच जिल्ह्यात कुही, भिवापूर, पारशिवनीकडच्या आतल्या गावात तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गंजी पेटली, की बंब पोहोचेपर्यंत सगळं गावकऱ्यांच्याच हातात असतं.

याचं मूळ बरंचसं कायद्याच्या मांडणीत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदला आहे. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण त्यात आग नाही. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही मुख्यतः इमारतींचा विचार करतो. कुटाराची (भुश्शाची) गंजी आणि गुरांचा कोठा (गोठा) त्याच्या नजरेत फारसे येत नाहीत. नागरी संरक्षणातले स्वयंसेवक हवाई हल्ल्यांच्या भीतीतून उभे राहिले, म्हणून शहरांतच राहिले. आपत्ती व्यवस्थापन १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्यात आलं ते थेट २००९ च्या दुरुस्तीने. ग्रामीण भागात २० मिनिटांत बंब पोहोचावा असा केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष आहे, पण तालुक्याच्या गावापासून फाट्यापर्यंत यायलाच तेवढा वेळ जातो. गावात दल उभं करण्याची गरज या फटीतून आली.

दल काढायचं ठरलं की वर्गणीचा पैसा आधी पंपाकडे वळतो. मिनिटाला २७५ लिटर पाणी फेकणारा उचलून नेण्याजोगा पेट्रोल पंप, ६३ मिलिमीटरचे १५ मीटरी होज (पाण्याचे गुंडाळता येणारे पाइप), एक नोझल. यादी सोपी आहे. घोडं अडतं ते पाण्यापाशी. या पंपाला ५,००० लिटरचा टँकर जेमतेम १८ मिनिटं पुरतो. विहिरीतून ओढायचं म्हटलं, तर कोणताही सक्शन पंप प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास हात टेकतो आणि मे महिन्यात इथल्या बहुतेक विहिरींचं पाणी त्याच्या खाली गेलेलं असतं. मग सबमर्सिबलने टाकं भरू, असं कुणीतरी सुचवतं. पण आग तारांजवळ असेल तर पाणी मारण्याआधी लाइनमनकडून डीपी (गावाला वीज देणारं रोहित्र) बंद करवून घ्यावी लागते, आणि ती मोटर बहुधा त्याच डीपीवर असते. म्हणून उन्हाळाभर भरलेलं, दुसऱ्या कशालाही न वापरायचं सिमेंटचं टाकं हवं. पाणीटंचाईत ते राखणं ही ग्रामसभेत भांडून मिळवायची गोष्ट आहे, पंप त्यामानाने सोपा.

दुसरी अडचण जोडाची. पाणीपुरवठ्याच्या टँकरच्या तोटीचे आटे होजच्या झटपट कपलिंगला बसत नाहीत. लोहाराकडून किंवा नागपुरातल्या दुकानातून अडॅप्टर आधीच करून पंपाच्या पेटीत ठेवायचा. सक्शन पाइपच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी पंप हवा ओढतो, पाणी चढत नाही आणि लोक पंपालाच नादुरुस्त ठरवतात. रबरी वॉशर आपल्या उन्हात एका हंगामात कडक होतात. फेब्रुवारीत ते बदलावेत. पंप महिन्यातून एकदा १५ मिनिटं चालवावा आणि पेट्रोल टाकीत पडून राहू देऊ नये, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. होज पूर्ण वाळल्यावरच गुंडाळायचा.

आग विझवण्याची पद्धत माल बघून ठरते. मौदा-रामटेकच्या धानपट्ट्यात तणसाच्या गंजीवर वरून पाणी मारलं की ते निथळून जातं आणि आतली धग तशीच राहते. गंजी दाताळ्याने थराथराने उपसायची, जळता थर बाजूला ओढून भिजवायचा. रात्रभर पहारा ठेवायचा, कारण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा धुमसते. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठीही अशाच आतून जळतात. महुआ वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तो वणवा गावाकडे सरकला तर पळसाच्या ओल्या फांद्यांनी कडेकडेने झोडपत जायचं, वाऱ्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. घरात सिलिंडर गळत असेल तर गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीवर साचतो. दारं-खिडक्या उघडायच्या, पण पंखा-दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

माणसांच्या बाबतीत एक चूक नेहमीची: दलात सगळी तरुण पोरं घेतली जातात. दुपारी दोनला ती बुटीबोरी-हिंगण्याला कंपनीत किंवा शेतात असतात. दिवसा गावात असतात त्या बचत गटातल्या बाया, दुकानदार, शाळेचे शिपाई. होज जोडण्याचा सराव त्यांच्याकडून करून घ्यावा. एकाने १०१ किंवा ११२ लावून तालुका, फाटा आणि काय पेटलंय तेवढं सांगायचं, आणि दुसऱ्याने मोटरसायकलने फाट्यावर जाऊन उभं राहायचं, कारण रात्री बंब नेमका शेजारच्या गावाच्या रस्त्याला वळतो.